ड्युटीचा तक्ता आणि मेंदूचा तक्ता

सकाळी आठच्या सुमारास पुण्यात कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या फाटकासमोरच्या चहाच्या गाडीवर दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी उभी असतात. रात्रपाळी संपवून बाहेर पडलेल्या सिस्टर, निवासी डॉक्टर, वॉर्डातले मामा आणि मावशी ही एक बाजू. त्यांच्याकडून वॉर्ड ताब्यात घ्यायला निघालेले त्यांचेच सहकारी ही दुसरी. चहा एकाच किटलीतला असतो, पण तो वेगवेगळ्या मेंदूंत जातो. रात्रभर जागलेल्याच्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचलेले असते. चेतापेशींनी ऊर्जा वापरली की ते तयार होते, पेशींवरील ठरावीक ग्राहकांवर, म्हणजे हे द्रव्य धरून घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसते आणि झोपेची ओढ निर्माण करते. चहातले कॅफिन त्या ग्राहकांवर आधीच जागा अडवून बसते, त्यामुळे झोपेची मागणी नाहीशी होत नाही, ती फक्त ऐकू येईनाशी होते.

मराठीत या थकव्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला फरक फार उपयोगाचा आहे. शीण झोपेने जातो. वीट झोपेने जात नाही. ज्याला आज सर्रास बर्नआउट म्हटले जाते ती अवस्था शीण हटेनासा होऊन कामाचा वीट येऊ लागतो तिथून सुरू होते. न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, ते तिथल्याच सेवकांना आणि स्वतःला पाहून. म्हणजे ही संज्ञा जन्मापासूनच आरोग्यसेवेची आहे. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये तिची मोजपट्टी तयार केली. भावनिक रितेपण, समोरच्या माणसाविषयी वाटू लागलेले परकेपण आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना, अशी तीन अंगे तिच्यात मोजली जातात. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार मानत नाही. रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात त्याची नोंद दीर्घकाळ न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी व्यावसायिक घटना अशी आहे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिल्या करोना रुग्णांचे निदान झाले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हा शब्द रुग्णालयांच्या कॅन्टीनमध्येही रुळला.

शब्द रुळला की त्याच्यासोबत सोपी रसायनकथाही रुळते: ताणाने कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, उमेदीशी जोडले जाणारे डोपामिन हे मेंदूतील द्रव्य संपते, माणूस जळून जातो. ही कथा मला अपुरी वाटते, आणि तिचा उत्तरार्ध तर बराचसा अंदाजाचा आहे, कारण जिवंत माणसाच्या मेंदूतील डोपामिन रक्ताच्या साध्या चाचणीत कळत नाही. कॉर्टिसॉल मोजता येते, पण तेही सरळ उत्तर देत नाही. बर्नआउट झालेल्यांत ते काही अभ्यासांत जास्त, काहींत कमी, तर काहींत इतरांइतकेच आढळले आहे. त्यामुळे बर्नआउटचे निदान करणारी रक्तचाचणी आजतरी अस्तित्वात नाही.

मग कॉर्टिसॉलचा संबंध कुठे येतो? तो प्रमाणापेक्षा वेळेत येतो, असे मला वाटते. धोक्याची जाणीव झाली की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका ग्रंथीला संदेश पाठवतो, ती मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात उतरते. तेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जाऊन या साखळीला लगाम घालते, म्हणजे ही व्यवस्था स्वतःला थांबवणारी आहे. शिवाय तिला रोजचा ठेका आहे: पहाटे पातळी चढू लागते, जागे झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी उसळते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जाते. हा ठेका डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतील घड्याळ ठरवते. आठवड्यात दोन दिवसपाळ्या, मग तीन रात्रपाळ्या, मग पुन्हा सकाळची ड्युटी असा तक्ता भिंतीवर लागला की मेंदूच्या तक्त्याला त्याच्याशी जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. रात्री तीनला, म्हणजे शरीर ज्या वेळी लढायला तयार नसते नेमक्या त्या वेळी, कॅज्युअल्टीत अपघाताचा रुग्ण येतो. आणि सकाळी घरी परतताना डोळ्यांवर ऊन पडते, तेव्हा मेंदू दिवसाची तयारी करू लागतो. अशा सतत जुळवून घेण्याची शरीराला जी किंमत मोजावी लागते, तिला ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये ‘ॲलोस्टॅटिक लोड’ असे नाव दिले.

दुसरे द्रव्य नॉरॲड्रेनलिन, ताणाच्या वेळी मेंदूत स्रवणारे. येल विद्यापीठातील एमी आर्नस्टन यांच्या संशोधनातून असे दिसले, की ते बेताचे असेल तर कपाळामागील अग्रललाट भागाचे, म्हणजे विचार करून आवर घालणाऱ्या मेंदूचे, काम सुधारते; मात्र ते फार वाढले की वेगळ्या प्रकारच्या ग्राहकांना चिकटते आणि हाच भाग मंदावतो. सूत्रे मग अमिग्डालाकडे, म्हणजे भीती आणि चिडचिड यांच्याशी निगडित भागाकडे जातात. एरवी शांत असलेली सिस्टर नातेवाइकांच्या चौथ्यांदा विचारलेल्या त्याच प्रश्नावर खेकसते, ते याच टप्प्यावर. स्टॉकहोममधील कॅरोलिन्स्का संस्थेत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बर्नआउट झालेल्या व्यक्तींमध्ये अमिग्डाला आणि त्याला आवर घालणारे भाग यांच्यातील दुवा क्षीण आढळला. ते लोक सगळे आरोग्यसेवेतील नव्हते, हे लक्षात ठेवावे लागेल.

परकेपणाचे अंग मला सर्वांत विचारात पाडते, कारण बाहेरून ते उद्धटपणासारखे दिसते. रुग्णाचे नाव जाऊन ‘बारा नंबरचा पेशंट’ उरतो. टानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी मेंदूच्या प्रतिमांतून दाखवले, की दुसऱ्याचे दुःख स्वतःत भिनवून घेताना वेदनेशी निगडित भाग उत्तेजित होतात, तर त्याच्याविषयी करुणा बाळगताना आपुलकी आणि समाधान यांच्याशी निगडित वेगळे भाग. पहिल्या वाटेने रोज जाणाऱ्याने एखाद्या दिवशी दार लावून घेतले, तर ते आश्चर्याचे नाही. दुसरी वाट शिकता येते, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. पण सलग तीस तास जागलेल्या माणसाला ती शिकवायला जाणे मला तरी थट्टेसारखे वाटते.

उपायांची चर्चा म्हणूनच ध्यानाच्या शिबिराऐवजी भिंतीवरच्या तक्त्यापासून सुरू व्हायला हवी. बोस्टनमधील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील इंटर्न डॉक्टरांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, २४ तासांहून लांब पाळ्या असलेल्या जुन्या तक्त्यात आखूड पाळ्यांच्या तक्त्यापेक्षा गंभीर चुका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. डॉक्टरांच्या बर्नआउटवरील १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यक्तीला धीर शिकवणाऱ्या उपायांपेक्षा कामाची रचना बदलणाऱ्या उपायांचा परिणाम मोठा दिसला. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ मध्ये निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची मर्यादा, एक दिवस सुट्टी आणि रोज ७ ते ८ तास झोप सुचवली. आठवड्याचे तास १६८. त्यातून ड्युटी आणि झोप वजा केली, तर जेवण, प्रवास, अभ्यास आणि घर या सगळ्यांसाठी ३८ ते ४५ तास उरतात.

एवढ्याने मेंदू खरोखर सावरतो का, याचे एक उत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांकडूनच मिळाले आहे. कॉनर लिस्टन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कमधील २० विद्यार्थ्यांना परीक्षेच्या महिनाभराच्या ताणानंतर तपासले, तेव्हा लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवण्याची त्यांची क्षमता आणि अग्रललाट भागाची जोडणी दोन्ही कमकुवत झालेली होती. ताण ओसरल्यावर महिन्याभराने त्यांना पुन्हा तपासले, तर फरक उरला नव्हता. त्या विद्यार्थ्यांना मात्र परीक्षेनंतरचा एक मोकळा महिना मिळाला होता. आपल्याकडच्या निवासी डॉक्टरचे पदव्युत्तर शिक्षण ३ वर्षांचे असते आणि परीक्षा त्याच्या शेवटी येते.