अवतरणांचा मूळशोध

एखादे प्रसिद्ध वचन मुळात कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत लिहिले किंवा उच्चारले, हे तारीख असलेल्या लेखी पुराव्यावरून ठरवण्याची पद्धत. कोल्हापुरात २६ जूनच्या शाहू जयंतीला दसरा चौकापासून बिंदू चौकापर्यंत जे फ्लेक्स लागतात, शाळेच्या फळ्यावर जे सुविचार लिहिले जातात, त्यांतली बरीच वचने नावासह असतात, पण ग्रंथ आणि पान यांच्याविना. वचन कोणाच्या तोंडी शोभते हा पुरावा नव्हे. उलट, शोभते म्हणूनच ते चुकीच्या नावाला चिकटते.

सुरुवात मजकुरापासून होते. वचनाची मिळतील तेवढी रूपे उतरवून घ्यायची आणि सगळ्यांत समान असलेले दोन-तीन शब्दांचे, कमी वापरातले तुकडे निवडायचे. आख्खे वाक्य शोधले की गेल्या काही वर्षांतल्या नकलाच वर येतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत ‘केलें’, ‘नाहीं’ असे अनुस्वार असत, म्हणून जुनी आणि नवी दोन्ही रूपे शोधावी लागतात. स्कॅन केलेल्या पुस्तकांत संगणक रफार आणि जोडाक्षरे हटकून चुकीची वाचतो. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधील (१८८३) ‘विद्येविना मति गेली’ हे वचन शोधायचे तर ‘अनर्थ’ किंवा ‘शूद्र’पेक्षा ‘मतिविना’ हा शब्द कामाचा, तोही ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन्ही तऱ्हांनी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेल्या फायली शोधात येतच नाहीत. त्या उघडून डोळ्यांनीच वाचाव्या लागतात.

दुसरी चाचणी तारखेची. बँका, पतपेढ्या आणि दुकानांत लागणारा ‘ग्राहक हा आमच्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे’ अशा आशयाचा फलक याचा उत्तम नमुना. खाली महात्मा गांधींचे नाव असते. काही ठिकाणी ‘दक्षिण आफ्रिकेतील भाषण, १८९०’ असाही तपशील असतो. १८९० मध्ये गांधी लंडनमध्ये कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ च्या मे महिन्यात उतरले. हाच मजकूर १९४१ च्या अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायाच्या नियतकालिकात स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ एलियट यांच्या नावावर छापलेला आहे. खोटा तपशील असा उपयोगी पडतो : नुसते नाव असते तर खोडायला वेळ लागला असता, सनावळीने ते काम पाच मिनिटांत होते.

हीच कसोटी शाहू महाराजांच्या वचनांना लावता येते. निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा आदेश २६ जुलै १९०२ चा. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडमध्ये होते. म्हणून ‘त्या दिवशी कोल्हापूरच्या दरबारात महाराज म्हणाले’ अशी सुरुवात असलेले कोणतेही भाषण बाद. शब्दांचे वयही बघावे. आदेशात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भरण्याची भाषा आहे. आजच्या अर्थाने ‘आरक्षण’ किंवा ‘सामाजिक न्याय’ असे शब्द वचनात आले तर ते निदान नंतर बेतलेले समजावे. खरे शब्द पाहण्यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने काढलेले शाहू छत्रपती पेपर्सचे खंड आहेत. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात आहे. त्यातला बराच भाग मोडी लिपीत आहे, आणि मोडी न येणाऱ्याने दुसऱ्याच्या लिप्यंतरावर विसंबताना मूळ कागदाचा क्रमांक टिपून ठेवावा. जुन्या छापील पुस्तकांसाठी १८५० मध्ये स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर जवळचे.

सर्वाधिक चुका सारांशाला अवतरणचिन्हे लागल्याने होतात. ‘तुझे मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे वाक्य व्हॉल्टेअरचे म्हणून खपते. ते एव्हलिन बिआट्रिस हॉल यांनी १९०६ मध्ये व्हॉल्टेअरची वृत्ती सांगताना लिहिले. मराठीतले जवळचे उदाहरण ‘रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका’. शिवाजी महाराजांच्या नावावर हे फलकांवर दिसते, आणि ते सर्वस्वी निराधार नाही. प्रभानवल्लीचा सुभेदार रामाजी अनंत याला ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेल्या पत्रात ‘भाजीच्या देठास तेहि मन न दाखवता’ वर्तावे असे आहे. ‘मन न दाखवता’ हे ‘हात लावू नका’पेक्षा कितीतरी कडक आहे. अशा वेळी नाव ठेवायचे आणि शब्द दुरुस्त करायचे.

वाक्य आणि त्यातली प्रतिमा यांचा माग वेगवेगळा काढावा. ‘शिक्षण हे वाघिणीचे दूध आहे’ हे डॉ. आंबेडकरांच्या नावावर प्रसिद्ध आहे. पडताळणी राज्य शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेतल्या अठराव्या खंडापासून करतात. त्याच्या तीन भागांत त्यांची मराठी भाषणे कालक्रमाने आहेत. पण ‘वाघिणीचे दूध’ ही प्रतिमा इंग्रजी विद्येसंबंधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाने आधीपासून रूढ आहे, आणि चिपळूणकर १८८२ मध्येच वारले.

छापील पान हाती आल्यावर पुस्तकाचे मुद्रणवर्षाचे पान, वचनाचे पान आणि त्याच्या आधीचे-नंतरचे एकेक पान अशी छायाचित्रे घ्यावीत. आधीचे पान यासाठी, की लेखक पुष्कळदा विरोधकाचे मत खोडण्यासाठी उद्धृत करतो आणि पुढे तेच त्याच्या नावावर खपते. मासिकांच्या बांधीव खंडांना डिजिटल सूचीत बहुधा पहिल्या अंकाचेच वर्ष दिलेले असते. तेवढ्यावर ‘सर्वांत जुना उल्लेख’ जाहीर करू नये. सुविचारसंग्रह पुरावा म्हणून धरत नाहीत, मग तो कितव्याही आवृत्तीचा असो. निष्कर्ष चार प्रकारे नोंदवतात : सिद्ध, शब्द बदललेले, चुकीच्या नावावरचे आणि अनिर्णित. बहुतेक वचने शेवटच्या खान्यात जातात आणि तिथेच राहू द्यावीत.

संतवचनांना ही पद्धत अर्धीच लागू पडते. ‘तुका म्हणे’ जोडले की ओळ तुकारामांची होत नाही; ती इंदुप्रकाश छापखान्याच्या १८६९ च्या गाथेत किंवा शासनाने छापलेल्या गाथेत, अभंगक्रमांकासह, दाखवावी लागते, आणि क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. ‘मरावे परी कीर्तिरूपे उरावे’ ही ओळ रामदासांची म्हणून सहज पटते, कारण ती मनाच्या श्लोकांच्याच भुजंगप्रयात वृत्तात आहे. आठव्या श्लोकातली ओळ मात्र ‘देहे त्यागिता कीर्ति मागे उरावी’ अशी आहे. ‘नामा’ ही नाममुद्रा (अभंगाच्या शेवटी येणारे कवीचे नाव) तर एकाहून अधिक कवींनी वापरली. त्यामुळे अभंग नामदेवांच्या गाथेत सापडला तरी तो संत नामदेवांचा की सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याचा, हे भाषेवरून वेगळे ठरवावे लागते.