व्हर्जिनियात माणशी ५० एकर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रक्रिया

उत्तर अमेरिकेतली व्हर्जिनिया ही इंग्रज वसाहत चालवणाऱ्या लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीकडे रोकड नव्हती आणि तंबाखूच्या शेतीला मजूर हवे होते. म्हणून १६१८ मध्ये गव्हर्नर जॉर्ज यार्डली यांना पाठवलेल्या सूचनांत कंपनीने तरतूद केली: जो स्वतःच्या खर्चाने माणूस वसाहतीत आणेल, त्याला त्या माणसामागे ५० एकर जमीन मिळेल. या हक्काला हेडराइट म्हणत. वाटली जाणारी जमीन तिथले मूळ रहिवासी असलेल्या पोव्हाटन लोकांची होती, पण त्यांना कोणी विचारलं नाही. १६२४ मध्ये कंपनी बरखास्त होऊन वसाहत राजाच्या ताब्यात गेली, तरी ही पद्धत चालूच राहिली.

पात्र कोण?

स्वतःचं भाडं भरून आलेल्याला स्वतःचे ५० एकर मिळत. बायको, मुलं, नोकर यांचं भाडं भरलं असेल तर त्या प्रत्येकामागे आणखी ५०. १६१६ पूर्वी स्वखर्चाने येऊन राहिलेल्यांना १०० एकर होते. सगळी गोम भाड्यात आहे. जहाजाचं भाडं साधारण ६ पौंड, आणि गरीब इंग्रज मजुराला ते परवडत नसे. तो काही वर्षं चाकरी करण्याचा करार करून यायचा. भाडं मालक भरायचा, आणि जमीनही मालकाच्याच नावावर चढायची. ज्याच्या येण्यामुळे हक्क निर्माण झाला, तोच त्या हक्काबाहेर राहिला. पुढच्या सगळ्या तंट्यांचं मूळ मला इथेच दिसतं.

आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांवरही मालक हेडराइट मागत. नॉर्थहॅम्प्टन काउंटीत १६५१ मध्ये अँथनी जॉन्सन यांनी पाच माणसांच्या आधारे २५० एकर मिळवले. ते स्वतः १६२१ मध्ये आफ्रिकन बंदी म्हणून आले होते. कृष्णवर्णीयांसाठी नियमाची दारं तेव्हा अजून पुरती बंद झाली नव्हती, हे त्यांच्या नोंदीवरून कळतं.

कागदपत्रं आणि टप्पे

अर्जदार आधी काउंटी कोर्टात जाई आणि आणलेल्या माणसांची नावं देऊन शपथ घेई. कोर्ट तसा दाखला देई. तो राजधानी जेम्सटाउनला वसाहतीच्या सचिवाच्या कार्यालयात दाखवला की माणशी ५० एकरांचा हक्क लिहून मिळे. मग काउंटीचा सर्व्हेअर मोजणी करून नकाशा आणि चतुःसीमा तयार करी. हे कागद पुन्हा सचिवाकडे जात, तिथे पेटंट, म्हणजे जमिनीच्या मालकीची सनद, तयार होई आणि त्यावर गव्हर्नरची सही व शिक्का बसे. एक प्रत अर्जदाराला मिळे, दुसरी दप्तरात नोंदली जाई. यातली बरीचशी फी तंबाखूतच भरत. त्यानंतर ५० एकरांमागे वर्षाला १ शिलिंग सारा होता, आणि तीन वर्षांत घर बांधून थोडी लागवड करण्याची अट होती.

पडताळणी ढिली होती. एकाच माणसावर आधी जहाजाचा कप्तान आणि मग त्या माणसाचा करार विकत घेणारा मळेवाला, असे दोघे हक्क सांगत. काही कप्तानांनी खलाशांचीही नावं दिली. हक्काचे कागद विकता येत असल्यामुळे ज्याच्याकडे आधीच जमीन होती, तोच आणखी गोळा करी. नदीकाठची, म्हणजे तंबाखूची पिंपं थेट जहाजात चढवता येतील अशी जमीन अशाच लोकांच्या हातात गेली.

मुदत संपलेल्या नोकराला काय मिळे?

कराराची मुदत बहुधा ४ ते ७ वर्षांची असे. करारपत्र नसलेल्यांसाठी १६४३ चा कायदा होता: २० वर्षांवरील व्यक्तीला ४ वर्षं, १२ ते २० वयाच्यांना ५, त्याहून लहान मुलांना ७. म्हणजे जो जितका लहान, तितकी त्याची चाकरी लांब. पळून गेल्यास गैरहजेरीच्या दुप्पट काळ काम करावं लागे. मुदतीअखेर रिवाजाने मका आणि कपडे मिळत, जमीन नाही. शेजारच्या मेरीलँड वसाहतीत काही काळ ५० एकरांचा हक्क मिळे, पण मोजणी आणि नोंदणीची फी स्वतःच्या खिशातून भरावी लागे, म्हणून बरेच जण तो विकून टाकत.

मुक्त झालेला माणूस मग जमीन खंडाने घेई, किंवा सरहद्दीकडे सरके, जिथे मूळ रहिवाशांशी रक्तपात ठरलेलाच. त्यात तंबाखूचा भाव पडलेला. १६७० मध्ये मालमत्ता नसलेल्यांचा मताधिकारही काढून घेतला गेला. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकन या मळेवाल्याने गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात हेच लोक उतरले आणि सप्टेंबरमध्ये जेम्सटाउन जळालं. बेकन स्वतः श्रीमंत होता आणि त्याचा पहिला रोख मूळ रहिवाशांवर होता, हे विसरून चालणार नाही. तरी शेवटपर्यंत शस्त्रं खाली न ठेवणाऱ्यांत सुमारे ८० कृष्णवर्णीय आणि २० इंग्रज मजूर एकत्र होते.

त्यानंतर मळेवाले वेगाने गुलामांकडे वळले. करारी नोकरांचा ओघ आटत होता आणि गुलामाची मुदत कधीच संपत नव्हती. १६९९ मध्ये गुलामांवर हेडराइट देणं बंद झालं. मळेवाल्यांची त्यामुळे अडचण झाली नाही, कारण आता ५० एकरांमागे ५ शिलिंग भरले की माणूस न आणताही हक्क मिळत होता.