भुयारी स्थानक खचत नाही, तरंगू पाहते

मुंबईची मेट्रो-3 ऑक्टोबर 2025 मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तिच्या 27 स्थानकांपैकी 26 जमिनीखाली असल्याने, माथ्यावरच्या भाराने ती खचणार तर नाहीत ना, अशी शंका नाशिकमध्येही ऐकू येते. शंका स्वाभाविक आहे, पण तिची दिशा उलटी आहे. स्थानकासाठी उपसलेल्या माती-खडकाचे वजन तेथे बांधलेल्या पोकळ पेटीच्या वजनाहून पुष्कळ अधिक असते, त्यामुळे तळाच्या जमिनीवरचा भार पूर्वीपेक्षा कमीच होतो. अभियंत्यांना खरी धास्ती असते ती पेटी वर उचलली जाण्याची.

शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू पडते. 20 मीटर रुंद स्थानकाचा तळ 20 मीटर खोल आणि छत 3 मीटर खोल आहे, असे समजू. तळ, छत, मधला मजला आणि भिंती यांचे काँक्रीट तळाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे 12 टन भरते. छतावरच्या मातीचे आणखी 6 टन धरले तर एकूण 18. भूजल 3 मीटर खोल असेल तेव्हा तळावर पाण्याचा वरच्या दिशेने 17 टन दाब असतो, म्हणजे तोल जेमतेम सांभाळला जातो. पावसाळ्यात तेच पाणी जमिनीच्या पातळीला आले की दाब 20 टन होतो आणि हिशेब उलटतो. हा दाब पाणी किती आहे यावर नव्हे, तर त्याची पातळी किती उंच आहे यावर ठरतो. तळाखाली पाण्याचा कागदाएवढा थर असला, तरी वरच्या भूजलाशी त्याचा संबंध अखंड असेल तर तो पूर्ण दाब देतो. म्हणूनच नाशिकच्या कठीण बेसाल्टमध्येही, जेथे पाणी मुख्यतः मुरुमात आणि खडकाच्या भेगांत असते, हा प्रश्न टळत नाही. (नाशिकसाठी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आलेली मेट्रो निओ उन्नत मार्गाची होती, त्यामुळे तिच्यापुढे हा प्रश्न नव्हता.)

टोकियोने याचा अनुभव घेतला आहे. जमीन खचू लागल्यामुळे तेथे भूजल उपशावर निर्बंध आले, पाण्याची पातळी पुन्हा चढली आणि उएनो येथील शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या भुयारी स्थानकात हजारो टन लोखंडाचे वजन ठेवावे लागले. पुढे टोकियो स्थानकाप्रमाणेच तेथेही तळ खालच्या थरांशी पोलादी नांगरांनी (अँकर) जखडण्यात आला. नवीन स्थानकात तळाची जाडी वाढवतात, किंवा तळ भिंतींच्या बाहेर काढून त्यावरच्या मातीचे वजन कामी आणतात.

भूजलाची पातळी मोजण्यासाठी बोअरमध्ये दाबमापक बसवून निदान एका पावसाळ्याच्या नोंदी घ्याव्या लागतात. आपल्याकडे विहिरीची जागा हातात नारळ धरलेल्या पाणाड्याला विचारण्याची प्रथा अजून टिकून आहे. पण त्याचा नारळ उभा राहिला म्हणून पाणी किती मीटरवर आहे आणि श्रावणात ते किती चढेल, हे कळत नाही.

बांधकामात सर्वांत नाजूक काळ येतो तो पेटी तयार होऊनही छतावर माती भरलेली नसते तेव्हा. वरच्या उदाहरणातील 18 पैकी 6 टन त्या वेळी नसतातच, म्हणून पुरेसे वजन चढेपर्यंत उपसा पंप बंद पडू देत नाहीत आणि पर्यायी जनित्र तयार ठेवतात.