परसातील कोंबड्या : पिल्ले नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून पिल्ले नेणारे बहुतेक ग्राहक पंचवीस-पन्नास पक्ष्यांचा घरगुती कळप सांभाळणारे असतात आणि हे पत्रक त्यांच्यासाठीच लिहिले आहे. पिल्ले दगावतात ती मुख्यतः पहिल्या तीन आठवड्यांत. त्यामागे रोगाइतकाच थंडी, ओल आणि गर्दी यांचा हात असतो. म्हणून पुढील मजकुराचा मोठा भाग या तीन आठवड्यांविषयी आहे. एवढा काळ नीट पार पडला, की परसातील कोंबडी फारसा त्रास देत नाही.

पहिला निर्णय पिल्लांच्या वयाचा असतो. एक दिवसाचे पिल्लू स्वस्त पडते, पण त्याला रात्रंदिवस ऊब द्यावी लागते. ज्यांनी यापूर्वी कोंबड्या पाळलेल्या नाहीत किंवा ज्यांच्या वस्तीवर रात्री वीज जाते, त्यांनी जास्त पैसे देऊन चार आठवडे वाढवलेली पिल्लेच न्यावीत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. जात निवडतानाही आपला हेतू ठरलेला असावा. अंड्यांसाठी ग्रामप्रिया, अंडी व मांस दोन्हींसाठी वनराज किंवा गिरिराज सोयीची ठरतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते, मात्र ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसते आणि पिल्ले स्वतः सांभाळते. सुधारित जातींमध्ये हा गुण फारसा उरलेला नाही, त्यामुळे पुढे घरीच पिल्ले काढायची असतील तर कळपात दोन-तीन गावरान कोंबड्या जरूर ठेवाव्यात. त्यातली एखादी खुडूक झाली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवता येतात आणि 21 दिवसांनी पिल्ले बाहेर पडतात.

पिल्ले घरी पोहोचण्यापूर्वी

पिल्ले येण्याच्या आदल्या दिवशीच जागा तयार ठेवून दिवा लावून पाहावा. पुठ्ठ्याचे किंवा पत्र्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे करावे. 50 पिल्लांना सुरुवातीला चार फूट व्यास पुरतो. चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात, म्हणून आकार गोलच हवा. तळाशी भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा कोरडा थर द्यावा. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरण्यांवर तूस सहज मिळते. लाकडाचा बारीक भुसा मात्र वापरू नये, कारण पिल्ले तो खातात. पहिले दोन-तीन दिवस तुसावर वर्तमानपत्र अंथरावे आणि ते रोज बदलावे.

उबेसाठी जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लागतो. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, आणि हल्ली दुकानात बल्ब मागितला की बहुधा तोच हातात येतो. दर पिल्लामागे दोन वॅट हा हिशेब धरावा, म्हणजे 50 पिल्लांना 100 वॅट. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते साधारण तीन अंशांनी उतरवावे.

हे आकडे खरे असले तरी नाशिक जिल्ह्यात ते सगळीकडे सारख्याच रीतीने पाळता येत नाहीत. निफाडला हिवाळ्यात पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो. तेथे जानेवारीत एकाऐवजी दोन दिवे आणि गोणपाटाचे दुहेरी पडदे लागतात. मालेगावला मे महिन्यात दुपारी तापमान 40 अंशांच्या वर जाते, तेव्हा दिवसा दिवा लावला तर पिल्ले उष्म्याने मरतील. सुरगाणा-पेठच्या घाटमाथ्यावर पावसाळ्यात थंडीपेक्षा ओलच जास्त त्रासदायक ठरते. म्हणून दिव्याकडे पाहण्याऐवजी पिल्लांकडे पाहावे. ती दिव्याखाली गोळा होऊन सतत चिवचिवाट करत असतील, तर ऊब कमी आहे. चोच उघडी टाकून कडेला सरकत असतील, तर जास्त आहे. एकाच बाजूला दाटली असतील, तर कोठून तरी वारा शिरतो आहे. सगळीकडे विखरून खात-पीत असतील, तर ऊब पुरेशी आहे असे समजावे. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास, म्हणजे थंडी सर्वांत जास्त असताना, ही पाहणी करणे आवश्यक आहे.

वीज गेल्यावर बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती कृपया टाळावी, कारण त्या धुरातील विषारी वायूने पिल्लेच काय, शेजारी झोपलेली माणसेही दगावू शकतात. त्याऐवजी कडे लहान करावे, हवा खेळेल इतकी फट ठेवून वरून गोणपाट टाकावे आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवाव्यात.

पाणी व खाद्य

पिल्ले घरी आणल्यावर आधी पाणी द्यावे, खाद्य दोन-तीन तासांनी. पाणी कोमट असावे व त्यात थोडा गूळ विरघळवावा. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्याला पाणी दाखवावे. भांडे उथळ घ्यावे आणि त्यात स्वच्छ खडे टाकावेत, नाही तर पिल्ले भिजतात, आणि भिजलेले पिल्लू थंडीने मरते.

पहिले आठ आठवडे पिल्लांचे तयार खाद्यच द्यावे, कारण या वयात 20 टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात आणि नुसत्या मक्याच्या भरड्यातून ती मिळत नाहीत. त्यानंतर तलंगांचे, म्हणजे अंड्यावर न आलेल्या वाढत्या कोंबड्यांचे, खाद्य आणि अंडी सुरू होण्याच्या सुमारास, म्हणजे विसाव्या आठवड्यापासून, अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य असा क्रम ठेवावा. अंड्यावरील खाद्यात कॅल्शियम भरपूर असते आणि ते लहान पिल्लांच्या मूत्रपिंडांना अपाय करते, म्हणून उरलेली गोणी पिल्लांना घालू नये. मका आपल्याकडे येवला, मालेगाव भागात भरपूर पिकतो, पण ओलसर मक्यावर धरणारी बुरशी कोंबडीच्या यकृताला विषासारखी बाधते. कुबट वास येणारा मका स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. तसेच चाळीत सडलेला कांदा परसात टाकण्याची सवय आपल्या भागात फार आहे. कांदा मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास कोंबडीच्या रक्ताला बाधा होते, त्यामुळे तो खड्ड्यात पुरावा.

लसीकरण

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातील कळप दोन-चार दिवसांत संपवणारा रोग आहे. त्यावर उपचार नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठ आठवड्यांनंतर मानमोडीचे इंजेक्शन असा साधारण क्रम आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून तो निश्चित करावा. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पहिल्याच दिवशी टोचायची असल्याने ती पिल्ले विक्रीला येण्यापूर्वीच दिलेली असते.

लसीची बाटली सहसा 100 किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि एकदा विरघळवलेली लस एक-दोन तासांतच वापरावी लागते. वीस पिल्लांसाठी बाटली फोडणे परवडत नाही म्हणून लसच टाळली जाते, हे आम्ही सतत पाहतो. वस्तीवरील चार-पाच घरांनी एकाच दिवशी मिळून लस द्यावी. खर्च वाटला जातो आणि आजूबाजूच्या कळपांनाही संरक्षण मिळते. लस बर्फात ठेवून आणावी आणि सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर द्यावी.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसल्यास ती रक्ती हगवण समजावी. ओल्या तुसात वाढणारे सूक्ष्म परजीवी हे तिचे मूळ कारण असते. ओला भाग लगेच काढून टाकावा, रोज तूस वर-खाली करावे आणि औषध पशुवैद्यकांना विचारूनच द्यावे.

मोकळे सोडल्यावर

सहा-सात आठवड्यांनंतर हवामान पाहून पक्षी दिवसा मोकळे सोडता येतात. दिंडोरी, पिंपळगाव, निफाड या द्राक्षपट्ट्यातील ग्राहकांनी येथे विशेष काळजी घ्यावी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत फवारण्यांवर फवारण्या चालतात, आणि कोंबड्या फवारलेले किडे व पाने टिपतात. त्या काळात पक्षी जाळीच्या आतच ठेवावेत, नाही तर विषाचा अंश अंड्यांतून घरातल्या मुलांपर्यंत पोहोचू शकतो.

खुराड्यात प्रत्येक मोठ्या पक्ष्याला दोन चौरस फूट जागा, बसायला आडवी काठी आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचे एक खोके असावे. मुंगूस आणि रानमांजर लहानशा फटीतूनही शिरतात, म्हणून जाळी बारीक घ्यावी व ती जमिनीत अर्धा फूट पुरावी. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असल्याने खुराडे दिवेलागणीपूर्वी बंद करावे आणि रात्री आवाज आला तरी एकट्याने बाहेर जाऊ नये.

आठवडे बाजारातून आणलेला पक्षी थेट कळपात सोडू नये. तो किमान दोन आठवडे वेगळा ठेवावा व त्याचे दाणापाणी सर्वांत शेवटी करावे. एकाएकी अनेक पक्षी मेले, तर ते विकू किंवा खाऊ नयेत आणि नदी-नाल्यात टाकू नयेत. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. 2006 मध्ये देशात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्या जवळच्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला होता, तेव्हा अशी शंका क्षुल्लक मानू नये. अशा वेळी आम्हालाही कळवावे, म्हणजे त्याच तुकडीतील पिल्ले नेलेल्या इतर ग्राहकांना आम्ही त्याच दिवशी सावध करू शकू.