बारवेतला खडा आणि नव्याण्णवावं मूलद्रव्य

दिवाळीत देगलूरचे दाजी आले ते फराळाच्या डब्यासोबत पाण्याची एक बाटली घेऊन. शेतातल्या नव्या बोअरचं पाणी. "तू केमिस्ट्री शिकवतोस ना, मग ह्याच्यात युरेनियम-बिरेनियम हाय का बघ बरं," म्हणाले. गावात कुणीतरी मोबाइलवर कसलीशी बातमी दाखवली होती. मी बाटली उजेडात धरली. पाणी नितळ होतं, तळाशी तांबूस गाळ होता.

"दाजी, किती आहे ते प्रयोगशाळा सांगेल. पण ते कसं आहे, हे विचारायला पाहिजे," मी म्हणालो. दाजींनी ताईकडे असं पाहिलं की मास्तर टोलवतोय. टोलवत नव्हतो. मूलद्रव्याचा अणू कुणाला धरून बसलाय, त्यानं किती इलेक्ट्रॉन गमावलेत, यावर त्याचं सगळं वागणं ठरतं. आणि किरणोत्सारी मूलद्रव्याच्या बाबतीत हे विचारायचं म्हणजे मोठी यातायात असते. त्यातली सगळ्यात बिकट यातायात अमेरिकेत बर्कलीच्या प्रयोगशाळेत रेबेका अबर्जेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. त्यांचं मूलद्रव्य होतं आइन्स्टाइनियम, अणुक्रमांक ९९.

हे मूलद्रव्य निसर्गात खाणीत सापडत नाही. १ नोव्हेंबर १९५२ रोजी पॅसिफिक महासागरातल्या एनेवेटाक बेटांवर अमेरिकेनं पहिल्या हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, त्या स्फोटाच्या राखेत ते पहिल्यांदा मिळालं. पुढची काही वर्षं ही गोष्ट गुपितच होती. आज ते अमेरिकेतल्या ओक रिज इथल्या अणुभट्टीत तयार होतं, तेही कॅलिफोर्नियम बनवताना हाती लागणारा जोडमाल म्हणून. अबर्जेल यांच्या गटाला मिळालं ते २५० नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. आपल्या मालदांडी ज्वारीचा एक दाणा साधारण तीस मिलिग्रॅमचा. त्याचे सव्वा लाख तुकडे करा आणि एक उचला, एवढंच.

त्यातही ते टिकत नाही. त्यांच्या हातातल्या आइन्स्टाइनियम-२५४चं अर्धायुष्य (निम्मे अणू मोडायला लागणारा काळ) सुमारे २७६ दिवसांचं, म्हणजे दर महिन्याला सातेक टक्के माल आपोआप गायब. मे महिन्यात पाझरणारा माठ झाकून ठेवला तरी सकाळी पाणी कमीच दिसतं, तसा प्रकार. शिवाय ते मोडून आधी बर्केलियम होतं आणि मग कॅलिफोर्नियम. म्हणजे पाणी नुसतं आटत नाही, आटता आटता गढूळही होतं. त्यात कोरोनाची टाळेबंदी आडवी आली आणि ठरलेले काही प्रयोग राहूनच गेले.

रेणूची रचना पाहायचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडणं. पण त्याला शुद्ध नमुना लागतो. यांच्या नमुन्यात आधीपासूनच कॅलिफोर्नियमची भेसळ होती, त्यामुळे तो बेत बारगळला. मग त्यांनी दुसरी वाट धरली. ती समजावताना मला वालूरची बारव आठवते.

परभणी जिल्ह्यात सेलूजवळ वालूरला ही चक्राकार बारव आहे. पायऱ्या गोल फिरत खाली पाण्यापर्यंत जातात. मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा सातवीतल्या एका पोरानं, मी नको म्हणत असतानाच, मधोमध खडा टाकला. लाटांची कडी निघाली, काठाच्या दगडाला धडकली आणि परत फिरली. परतणाऱ्या आणि निघणाऱ्या लाटा जिथे भेटल्या तिथे पाणी कुठे उंच झालं, कुठे सपाट. समजा, तुम्हाला काठ दिसतच नाही, फक्त मधलं पाणी कसं हलतंय तेवढं दिसतं. तरी काठ किती लांब आहे, हे काढता येईल ना?

क्ष-किरणांच्या या पद्धतीत हेच होतं. क्ष-किरण अणूच्या अगदी आतल्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला बाहेर भिरकावतात. हा इलेक्ट्रॉन लाटेसारखा पसरतो, शेजारच्या अणूंवर आपटतो, त्याची लाट परत येते. त्या परतलेल्या लाटेमुळे मूळ अणू क्ष-किरण कधी थोडे जास्त शोषतो, कधी थोडे कमी. किरणांची ऊर्जा वाढवत न्यायची आणि शोषणाचा आलेख काढायचा. एका ठरावीक ऊर्जेला आलेख पायरीसारखा उभा चढतो आणि वर गेल्यावर बारीक नागमोडी होतो. शेजारी लांब असेल तर ही नागमोड दाट, जवळ असेल तर विरळ.

खुबी त्या पायरीत आहे. प्रत्येक मूलद्रव्याची पायरी वेगळ्या ऊर्जेला येते. युरेनियमची एक सुमारे १७.१७ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जा मोजायचं माप). म्हणून भेसळीतही हव्या त्या मूलद्रव्याला नाव घेऊन हाक मारता येते. स्फटिकाची गरज नाही, द्रावण चालतं. मात्र दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनवर हे जमत नाही. तिथे सगळ्या ऊर्जा एकत्र येतात. इथे एकेक ऊर्जा निवडून लागते आणि झोतही जबर लागतो, म्हणून सिंक्रोट्रॉन. जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवले की वळणावर ते क्ष-किरण फेकतात. अबर्जेल यांच्या गटानं हे काम स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर केलं. आपल्याकडे असं यंत्र इंदूरला आहे, इंडस-२. परीघ १७२ मीटरच्या आसपास. औरंगाबादहून रात्रीच्या बसनं निघालो तर सकाळी त्याच्या दारात.

नमुना ठेवायला थ्री-डी प्रिंटरवर खास डबी बनवली. आइन्स्टाइनियमचा अणू आठ ठिकाणी पकडणाऱ्या एका मोठ्या सेंद्रिय रेणूत बसवला आणि त्याच्याशी जोडलेल्या शेजाऱ्याचं अंतर मोजलं: २.३८ अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. फेब्रुवारी २०२१मध्ये हे 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. सत्तरएक वर्षं नावानं माहीत असलेल्या मूलद्रव्याचा हात किती लांब पोचतो, ते पहिल्यांदा मोजलं गेलं. मला यात आवडते ती दुसरीच गोष्ट. आठ हातांनी पकडणारा तो रेणू शरीरात गेलेले प्लुटोनियमसारखे धातू धरून बाहेर काढायला उपयोगी पडावा, यासाठी अबर्जेल बरीच वर्षं खपल्या आहेत.

तर आता दाजींची बाटली. मराठवाड्याचा बराचसा भाग काळ्या पत्थरावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलाय आणि बेसॉल्टमध्ये युरेनियम फारच थोडं असतं. नांदेडच्या आग्नेयेकडे, देगलूर-बिलोलीच्या अंगाला, त्याखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. ग्रॅनाइटमध्ये ते बेसॉल्टच्या कितीतरी पट असतं, तरी दहा लाख भागांत तीन-चार भाग. खडकात आहे म्हणून पाण्यात उतरेलच असं मात्र नाही. चार इलेक्ट्रॉन गमावलेलं युरेनियम पाण्यात विरघळायला फारसं राजी नसतं, दगड धरून बसतं. सहा गमावले की दोन ऑक्सिजन दोन बाजूंना सरळ रेषेत घेतं, पाण्यातल्या कार्बोनेटशी सलगी करतं आणि चालायला लागतं. रानात टाकलेल्या खतातलं नायट्रेट खाली झिरपलं तर तेही या दुसऱ्या रूपाकडे ढकलू शकतं. क्ष-किरणांच्या आलेखात चाराची आणि सहाची पायरी वेगळ्या जागी दिसते, सहाची थोडी वरच्या ऊर्जेला. आणि ते दोन ऑक्सिजन सुमारे १.८ अँगस्ट्रॉमवर ठळक उमटतात.

पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ती किरणोत्सारापेक्षा मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक त्रासाचा विचार करून ठरवली आहे. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचं, इतकं सावकाश मोडणारं मूलद्रव्य किरणांनी घाई करत नाही.

हे सगळं मी दाजींना जेवता जेवता सांगितलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि शेवटी विचारलं, "म्हणजे पाणी पिऊ का नको?" मी म्हणालो, आधी नुसतं किती आहे ते मोजून घेऊ. सकाळी बाटली शोधली तर रिकामी. ताईनं पाणी तुळशीला घातलं होतं. आता त्यांना सांगितलंय, मोटर आधी अर्धा तास चालू द्या, मग नव्या बाटलीत काठोकाठ भरा आणि झाकण लगेच लावा, वर हवा राहू देऊ नका.