शिट्टी वाजवणारा माणूस

ऐरोलीहून भाचा दोन दिवस राहायला आला, तेव्हा त्याच्या सॅकमध्ये एक्स-मेन या अमेरिकन कॉमिक्सची दोन पुस्तकं होती. एक अगदी सुरुवातीच्या अंकांचं पुनर्मुद्रण. त्यात लाल चष्म्याचा एक सडपातळ पोरगा आपल्या प्रोफेसरांचा शब्द खाली पडू देत नाही. दुसरं २०१२ चं, आणि त्यात तोच पोरगा प्रौढ होऊन त्याच प्रोफेसरांचा जीव घेतो. भाच्याने दोन्ही माझ्यासमोर टाकली आणि विचारलं, ‘‘मामा, हा नक्की हिरो आहे की व्हिलन?’’

जेवण होईपर्यंत मी टाळाटाळ केली, कारण उत्तर साठ वर्षांचं आहे.

स्कॉट समर्स ऊर्फ सायक्लॉप्स हा एक्स-मेनचा, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती घेऊन आलेल्या ‘म्युटंट’ माणसांच्या गटाचा म्होरक्या. त्याच्या डोळ्यांतून सतत ताकदीचा झोत बाहेर पडतो. पुष्कळांना वाटतं तशी ती आग नसते, तो नुसता धक्का असतो, भिंत उडवणारा. हा झोत त्याला स्वतःहून थांबवता येत नाही, म्हणून जागेपणी डोळ्यांवर कायम माणकासारख्या लाल स्फटिकाची काच. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये पहिला अंक काढला तेव्हा तो स्कॉटसुद्धा नव्हता, ‘स्लिम’ होता. सातव्या अंकात प्रोफेसर झेवियर काही काळासाठी निघून जातात आणि गटाची जबाबदारी या पोरावर टाकतात. इथून त्याचं नशीब ठरलं. बाकीच्यांनी चेष्टा करायची, प्रेमात पडायचं, रुसायचं. याने फक्त सगळे सुखरूप परत आलेत ना हे मोजायचं.

ठाण्यात गोविंदाचा सराव बघत वाढलेल्या माणसाला हे पात्र समजावून सांगावं लागत नाही. आमच्या नौपाड्यातल्या पथकात एक दादा होते. ते कधी थरावर चढले नाहीत. तोंडात शिट्टी, आणि नजर खालच्या थरातल्या पोरांच्या गुडघ्यांवर. गुडघा थरथरला की शिट्टी, की सगळे खाली. वर हात पोचायला वीतभर राहिलेली असायची, त्यामुळे पोरं मनातल्या मनात त्यांना शिव्या घालायची. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचा तो सगळ्यात वरच्या चिमुरड्याचा. ली-कर्बींचा सायक्लॉप्स म्हणजे हे दादा.

अशा माणसाची गोष्ट विकत कोण घेणार? खप इतका घसरला की १९७० च्या अखेरीपासून पुढची जवळजवळ पाच वर्षं या मासिकात जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलॉसस असा नवा ताफा आणला, वुल्व्हरिनलाही त्यात घेतलं, आणि लगेच लेखणी क्रिस क्लेरमाँट यांच्याकडे गेली. ती त्यांच्या हातात १९९१ पर्यंत राहिली.

क्लेरमाँटनी एक हुशारी केली. कंटाळवाणा म्होरक्या बदलला नाही, त्याच्यासमोर त्याला न जुमानणारा वुल्व्हरिन उभा केला. मग शिस्त हा स्कॉटचा स्वभाव न राहता त्याचं चिलखत झालं. आत काय आहे ते वाचकाला फटींतून दिसू लागलं. अनाथाश्रमातलं बालपण, आणि त्याआधी जळत्या विमानातून एकाच पॅराशूटला बांधून आईवडिलांनी बाहेर ढकललेले दोन भाऊ. पडताना डोक्याला मार लागला, म्हणून झोत आवरत नाही, असं तेव्हाचं स्पष्टीकरण.

मी हे सगळं उलटसुलट वाचलं. स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे अंक क्रमाने मिळण्याची सोयच नव्हती. त्यामुळे गटातल्याच जीन ग्रेचा, म्हणजे स्कॉटच्या प्रेयसीचा, अंत्यविधी मी आधी वाचला आणि तिचं मरण दोन वर्षांनी. तो अंत्यविधीचा अंक, क्रमांक १३८, १९८० चा. स्कॉट थडग्याजवळ उभा आहे आणि पानामागून पान गटाचा सगळा इतिहास आठवतोय. शेवटी तो गट सोडतो. रडारड नाही. शिट्टी खिशात घालून माणूस निघून जावा, तसं.

या मरणाचीही एक पडद्यामागची बाजू आहे. जीन आपल्या अफाट शक्तीच्या भरात एक सूर्य गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरचे अब्जावधी जीव संपतात. क्लेरमाँट आणि चित्रकार-सहलेखक जॉन बर्न तिला जिवंत ठेवणार होते, तिची शक्ती तेवढी काढून घेणार होते. मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले, एवढ्या हत्येला एवढीशी शिक्षा चालणार नाही. शेवट बदलला.

इथे धंद्याचा मामला कळला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. हे पात्र लेखकाचं नसतं, मार्व्हल कंपनीचं असतं. लेखक म्हणजे भाडेकरू. रंग द्या, पार्टिशन घाला, पण घर मालकाचं; आणि आधीच्या भाडेकरूने ठोकलेले खिळे भिंतीतच राहतात.

१९८६ मध्ये मालकाने भिंतच पाडली. क्लेरमाँटनी तोवर स्कॉटचं लग्न लावून दिलं होतं, जीनसारख्याच दिसणाऱ्या मॅडलिन प्रायर नावाच्या वैमानिकेशी. बाळ झालं होतं. त्याच वर्षीच्या २०१ व्या अंकात, स्वतःची शक्ती गमावलेली स्टॉर्म त्याला द्वंद्वात हरवते आणि म्होरकेपण तिच्याकडे जातं. स्कॉट संसाराला लागावा, हा त्यामागचा सरळ हिशोब. पण कंपनीला १९६३ च्या मूळ पाच जणांचं नवं मासिक हवं होतं, आणि त्यासाठी जीन जिवंत हवी होती. बॉब लेटन यांनी लिहिलेल्या एक्स-फॅक्टरच्या पहिल्या अंकात अलास्कातल्या घरी फोन वाजतो: जीन सापडली. स्कॉट बायकोला आणि तान्ह्या पोराला सोडून न्यूयॉर्क गाठतो.

माझ्या मते या पात्राच्या इतिहासात या फोनएवढं मोठं काही नाही. जो माणूस सगळे परत आलेत ना हे मोजत होता, तो स्वतःच्या घरातली दोन माणसं मोजायला विसरला. क्लेरमाँटना हे अजिबात मान्य नव्हतं. लुईझ सायमन्सन यांनी पुढे एक्स-फॅक्टर हातात घेतलं आणि निस्तरानिस्तर सुरू झाली. शेवटी मॅडलिन ही जीनची क्लोन होती आणि सैतानी शक्तींना सामील झाली, असं ठरवून स्कॉटची सुटका करण्यात आली. ही मला आजही लबाडी वाटते. नवऱ्याने टाकलेल्या बाईलाच राक्षसीण ठरवायचं, हा प्रकार आपल्याकडेही नवा नाही.

नव्वदच्या दशकावर फार थांबायला नको. १९९१ चा जिम ली यांनी चितारलेला नवा पहिला अंक ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपला, स्कॉटच्या अंगावर पट्टे आणि खिसे वाढले, १९९४ मध्ये जीनशी लग्न लागलं. स्वभावाच्या बाबतीत पुन्हा स्लिम. सिनेमांनी तर त्याला वुल्व्हरिनच्या वाटेतला अडथळा करून टाकलं आणि २००६ च्या तिसऱ्या भागात तो सुरुवातीलाच मारला गेला, तोही पडद्याआड.

कागदावर मात्र नेमकं उलटं चाललं होतं. ग्रँट मॉरिसन यांनी २००१ पासून त्याचं लग्न आतून पोकळ झालेलं दाखवलं. पूर्वीची खलनायिका एमा फ्रॉस्ट हिच्याशी त्याचं प्रकरण होतं, तेही फक्त मनातल्या मनात, टेलिपथीने. १९८६ ची चूक कंपनीची होती. ही स्कॉटची स्वतःची, आणि म्हणूनच विश्वास बसणारी. त्यानंतर जॉस व्हीडन यांनी विमानाच्या अपघाताला हात घातला. झोत न आवरण्याचं कारण डोक्याचा मार नाही. ताबा गमावणं हा त्या लहान मुलाच्या मनानेच घेतलेला निर्णय होता. चाळीसेक वर्षांचा लाल चष्मा एका प्रसंगात चिलखतावरून जखमेवर आला. मला सगळ्या लेखकांत ही खेळी सर्वांत देखणी वाटते.

मधल्या काळात, २००५ च्या एका मोठ्या कथानकात, जगातले जवळपास सगळे म्युटंट आपली शक्ती गमावून बसले. उरले दोनशेच्या आतबाहेर. आता म्होरक्या शाळेचा मॉनिटर राहिला नाही, संपत चाललेल्या जमातीचा पुढारी झाला. गुप्तपणे माणसं मारणारी तुकडी त्याने नेमली. मॅट फ्रॅक्शन यांच्या काळात सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या समुद्रात बेट वसवलं. जेसन आरन यांनी २०११ मध्ये त्याची आणि वुल्व्हरिनची कायमची फाटाफूट केली, आणि गंमत म्हणजे वाद उलटा होता: पोरांना लढाईत उतरवायला स्कॉट तयार, आणि त्यांना वाचवायला वुल्व्हरिन धडपडतोय. पुढच्याच वर्षी मार्व्हलच्याच ॲव्हेंजर्स या दुसऱ्या गटाशी युद्ध झालं, फिनिक्सची, म्हणजे जीनच्या गोष्टीतलीच ती अफाट शक्ती अंगात संचारलेल्या स्कॉटच्या हातून झेवियर गेले. भाच्याच्या सॅकमधलं दुसरं पुस्तक ते हेच.

ब्रायन मायकल बेंडिस यांनी मग काळाच्या मागे जाऊन मूळ पाच पोरांना वर्तमानात आणलं. सोळा-सतरा वर्षांचा स्लिम, आपण पुढे काय होणार आहोत हे बघतोय. भाच्याने मला विचारलेला प्रश्न इथे पात्र स्वतःलाच विचारतं. २०१६ मध्ये स्कॉट मेला, परत आला, आणि २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी म्युटंटांचं स्वतंत्र राष्ट्रच उभारलं. तिथे तो सेनापती होता, पण राज्य चालवणाऱ्या मंडळात त्याला जागा नव्हती. पुन्हा खालच्या थरापाशी उभा.

एवढं सांगून होईपर्यंत रात्रीचे साडेबारा वाजले होते. भाच्याने विचारलं, आता काय करतो? मी म्हटलं, २०२४ पासून जेड मॅके लिहितायत, आणि स्कॉट एक छोटा गट घेऊन पुन्हा अलास्कात जाऊन राहिलाय.

‘‘म्हणजे तो फोन आला होता ना मामा, तिथंच?’’

त्याच राज्यात, म्हटलं.

‘‘मग या वेळी फोन सायलेंटवर ठेवला असेल,’’ तो म्हणाला, आणि १९६३ वालं पुस्तक उशाशी घेऊन आडवा झाला.