कॅटमधलं कडं आणि आखडणारी लांबी

इंदूरच्या मराठी घरांत राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राला अजून ‘कॅट’च (सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) म्हणतात. नाव २००५ साली बदललं, रस्ता मात्र कॅट रोडच राहिला. तिथल्या इंडस-२ या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्रात १७२.५ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात. त्यांचं गणित सापेक्षता सिद्धांतातल्या दोन गोष्टींवर उभं आहे: काळ मंदावणं आणि लांबी आखडणं. पुस्तकांत बहुधा काळ आधी येतो. इतिहासात लांबी आधी आली, तीही ठिगळ म्हणून.

१८८७ मध्ये मायकेल्सन आणि मॉर्ली पृथ्वीची ईथरमधली (प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानलेल्या माध्यमातली) गती मोजायला बसले, पण वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशात अपेक्षित फरक काही दिसेना. १८८९ मध्ये डब्लिनच्या फिट्झगेराल्डनं सुचवलं की वस्तू गतीच्या दिशेनं किंचित आखडत असावी. ‘सायन्स’ या नियतकालिकाला त्यानं छोटं पत्र धाडलं, ते छापलं गेलं की नाही, याचा त्यालाच पत्ता नव्हता! १८९२ मध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झ स्वतंत्रपणे तिथंच पोचला. पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला तेव्हा फिट्झगेराल्डला हायसं वाटलं, कारण त्याच्याकडे लोक या कल्पनेला हसत होते. दोघांच्या लेखी हे आखडणं रेणूंमधल्या बलांमुळे होणारं होतं. लॉरेंट्झचा ‘स्थानिक काळ’, म्हणजे गतिमान वस्तूसाठी वेगळी धरलेली वेळ, हीही त्याच्यासाठी गणिताची सोयच होती.

१९०५ मध्ये आइन्स्टाइननं बलांचा विषयच काढून टाकला. प्रकाशाचा वेग सगळ्यांना सारखाच दिसणार असेल, तर ‘एकाच वेळी’ या शब्दांचा अर्थ निरीक्षकागणिक बदलतो; मग काळ आणि लांबी दोन्ही बदलणारच. माझ्या मते खरी उडी ही. सूत्रं बरीचशी आधीच तयार होती.

पुरावा मिळायला वेळ लागला. म्यूऑन या इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, तेवढ्यात प्रकाशसुद्धा साधारण ६६० मीटरच जातो. तरी वातावरणात कित्येक किलोमीटर वर जन्मलेले म्यूऑन जमिनीवर पोचतात. रॉसी आणि हॉल यांनी १९४१ मध्ये दाखवलं की वेगवान म्यूऑन जास्त टिकतात. आपल्या हिशेबानं त्यांचं घड्याळ मंद चालतं. त्यांच्या हिशेबानं वातावरणाची जाडी आखडते.

इंडस-२ मधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे काळ जितक्या पट मंदावतो आणि लांबी जितक्या पट आखडते तो गुणक सुमारे ४९००. अन्ड्युलेटर या चुंबकांच्या रांगेत उत्तर-दक्षिण ध्रुव आलटूनपालटून बसवलेले असतात. दर पाच सेंटीमीटरला पुन्हा येणारी त्यांची मांडणी इलेक्ट्रॉनला दहा मायक्रोमीटरची भासते. त्यातून डुलत जाणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकतो; आपल्याकडे येणाऱ्या त्या प्रकाशावर डॉप्लर परिणाम (स्रोत जवळ येताना तरंग दाटणं) होऊन तरंगलांबी आणखी काही हजार पटींनी घटते आणि बाहेर पडतात नॅनोमीटरच्या घरातले क्ष-किरण.